कर्जावर नाव, लाइट बिलावर नाही

जून २०२२ मध्ये डोंबिवलीचं घर सोडलं तेव्हा माझा पगार होता २१ हजार, मुलगी नऊ वर्षांची आणि हातात दोन बॅगा. ठाण्याला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर मी बसते. अकरा वर्षांचा संसार का मोडला ते इथे सांगत नाही. ती गोष्ट दोघांची आहे, आणि दुसरा माणूस उत्तर द्यायला इथे नाही. सांगायचंय ते घराचं. तीन वर्षांत तीन पत्ते झाले: कल्याण, बदलापूर, आता अंबरनाथ. या फिराफिरीत एक गोष्ट उशिरा कळली. पैसे कमी होते हे खरं, पण माझं नाव भलत्याच कागदांवर होतं आणि हव्या त्या कागदांवर नव्हतं, याने मला जास्त दमवलं. गृहकर्जावर होतं, लाइट बिलावर नव्हतं. हक्कसोडपत्रावर होतं, सातबाऱ्यावर नव्हतं.

१. कपड्यांच्या आधी कागद उचला.

मी काय उचललं? कुकर, मुलीचे दोन युनिफॉर्म आणि आईने शिवलेली गोधडी. लग्नाचा दाखला, मुलीचा जन्मदाखला, घराचा करार, कर्जाचं मंजुरीपत्र, दागिन्यांच्या पावत्या, सगळं कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये राहिलं. ती फाइल मिळवायला दोन महिने आणि सासूबाईंना केलेले सात फोन लागले. कुकर बाजारात कुठेही मिळतो.

दागिन्यांच्या पावत्यांचं एवढ्यासाठी, की लग्नात बाईला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन; ते सासरी ठेवायला दिलं तरी मालकी तिचीच राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगून ठेवलंय. पण कुठलं सोनं आपलं, हे दाखवावं लागतं. लग्नाच्या अल्बममधले फोटोसुद्धा उपयोगी पडतात. माझे पडले.

२. निघण्याआधी एकदा वकिलाला विचारा, आणि वकील फुकट मिळतो.

हे मला १५ हजार रुपये घालवल्यावर समजलं. कोर्टाच्या इमारतीतच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, तिथे बाईला मोफत वकील मिळतो आणि तिचं उत्पन्न किती हे बघत नाहीत. १९८७ चा कायदा आहे. मी त्या दारावरून चार वेळा गेले होते. पाटी वाचली होती, पण ती आपल्यासाठी आहे असं वाटलं नव्हतं.

तिथल्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, "घर सोडायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" कोणीच नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं, काही वेळा सासऱ्यांच्या नावावर असलं, तरी जिथे संसार केला तिथे राहण्याचा हक्क २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बाईला देतो. छळ होत असेल तर कोर्ट दुसरी जागा द्यायला किंवा तिचं भाडं भरायला सांगू शकतं. लग्न न करता नवराबायकोसारखं राहणाऱ्या बाईलाही तो लागू होतो. मारहाण झाली तरच हा कायदा, असा माझा समज होता. घरखर्च बंद करणं, पगार काढून घेणं हेही त्यात येतं.

मी त्या वाटेने गेले नाही. आम्ही संमतीने वेगळे झालो. जिवाला धोका असेल तर हे काही वाचत बसू नका, मुलांना घेऊन बाहेर पडा. पण माझ्यासारखं नुसत्या रागात निघत असाल, तर तो राग दोन दिवस दाबून तेवढ्यात हे विचारून घ्या.

३. नवरा सुटतो, बँक सुटत नाही.

२०१६ साली आम्ही २० लाखांचं कर्ज काढलं होतं. हप्ता १८ हजार ४००. त्याचा एकट्याचा पगार कर्जाला पुरत नव्हता, म्हणून मला सहकर्जदार केलं. बँकेत मी चार ठिकाणी सह्या केल्या आणि बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. त्या सह्यांचा अर्थ असा होता, की उद्या त्याने एक पैसाही भरला नाही तर बँक सगळंच्या सगळं कर्ज माझ्याकडे मागू शकते. अर्धं नव्हे, सगळं.

मी बाहेर पडल्यावर तो म्हणाला, तू राहत नाहीस तर मी एकट्याने का भरू. मी म्हणाले, मी राहत नाही तर मी का भरू. दोघांचंही बरोबर होतं आणि हप्ता थकला. एक, दोन, तीन. ९० दिवस उलटले की बँकेच्या वहीत ते खातं बुडीत धरलं जातं. त्यानंतर ६० दिवसांची नोटीस येते, आणि मग बँक घराचा ताबा घेऊ शकते. नोटीस माझ्या नावानेही आली. दोन महिन्यांनी मी कुलर घ्यायला हप्त्यावर अर्ज केला तर दुकानातल्या मुलाने मोबाइल बघून सांगितलं, "मॅडम, तुमचा सिबिल ६११ आहे. होणार नाही." आयुष्यात एक रुपया उधारी न ठेवलेली बाई मी. (सिबिलचा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट बघता येतो. नातं बिघडायला लागलं की पहिल्यांदा तो बघा. आपल्या नावावर काय काय आहे ते त्यात दिसतं.)

घटस्फोटाच्या कागदात "यापुढे कर्ज पती फेडेल" असं लिहिलं की झालं, असं मला वाटायचं. बँक त्या कागदाला बांधलेली नाही. आपलं नाव काढायचं तर बँकेची मंजुरी लागते. त्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत असेल तरच ती मिळते. आमचं बसत नव्हतं. शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये घर ३८ लाखांना विकलं. थकबाकीसकट साधारण १७ लाख बँकेचे गेले. घर घेताना त्याने पीएफ मोडला होता, तो त्याला दिला, थोडं इकडे तिकडे झालं आणि माझ्या हातात सात लाख आले. विकायच्या दिवशी मी घर बघायला गेले नाही. ओट्याच्या कडप्प्यावर मुलीची उंची मार्करने लिहिलेली होती, ती नव्या माणसांनी पुसली असेल.

माझं मत विचाराल तर सांगते. एकट्याला झेपत नसेल तर घराला चिकटून बसू नका. "माझं घर" म्हणत दीड वर्ष आम्ही दोघांनीही ते विकू दिलं नाही, आणि त्या दीड वर्षाच्या व्याजात माझं वर्षभराचं भाडं निघालं असतं.

४. माहेरी पाहुणी म्हणून जा आणि पाहुणीसारखीच निघा.

धाकट्या भावाच्या कल्याणच्या वन बीएचकेत आम्ही चार महिने राहिलो. पाचवी-सहावी माणसं. सकाळी बाथरूमला नंबर. कोणी वाईट बोललं नाही, तेच जास्त जड जायचं.

गावी वाईजवळ आमचं घर आणि थोडी जमीन आहे. बाबा गेल्यावर २०१४ साली मी भावाच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं. दोनशे रुपयांच्या स्टॅम्पवर. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच वाटा देशभर २००५ साली मिळाला. महाराष्ट्रात तर १९९४ सालीच कायदा झाला होता. एवढं सगळं कायद्यात असताना मी दोन मिनिटांत सही केली, कारण "बहिणी काय भावाकडे मागतात का" असं आत्या म्हणाली. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर भावाने मला साडी दिली. छान होती, अजून आहे.

आता ते फिरवायला त्याची सही लागेल, आणि ती मागायला माझी जीभ रेटत नाही. तो देणार नाही असं नाही. पण मागावं लागतं, तिथेच सगळं आलं. तुमचं अजून व्हायचं असेल तर करू नका. सातबाऱ्यावर बहिणीचं नाव राहिल्याने भावाचं प्रेम आटत असेल तर ते आधीच आटलेलं होतं.

मदत केली ती भावजयीने. एका रात्री भांडी घासताना ती हळूच म्हणाली, "ताई, या महिन्यात माझी भिशी लागतेय. तीस हजार. तुम्ही घ्या, ह्यांना सांगू नका." पहिल्या खोलीचं डिपॉझिट त्यातून गेलं. महिना दोन हजारांप्रमाणे मी ते फेडलं. आजही भावाला माहीत नाही. आता हे वाचून कळलं तर कळलं.

५. भाडं एकटं मोजू नका.

डोंबिवलीत वन रूम किचनला ९,५०० सांगत होते, बदलापूरला वन आरके ६,५०० ला मिळत होतं. तीन हजार वाचले म्हणून मी बदलापूर घेतलं. मग हिशेब लागला. स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, महिन्याला हजार. ठाणं डोंबिवलीहून १४ किलोमीटर, बदलापूरहून ३४. घरी पोचायला पाऊण तास उशीर, म्हणून पाळणाघराचे ८०० जास्त. पास महाग तो वेगळाच. आठवड्यातून दोनदा दमून वडापाववर भागवायचं, तेही धरा. तीन हजारांतले हजारही हाती राहत नव्हते.

तरी मी बदलापूरच घेतलं, कारण डोंबिवलीचं डिपॉझिट ७५ हजार होतं. कमी पगाराच्या माणसाला महिन्याचं भाडं नडत नाही, पहिल्या दिवशीची एकगठ्ठा रक्कम नडते: डिपॉझिट, पहिलं भाडं, एजंटचं एक महिन्याचं भाडं, टेम्पो. घर सोडायचं मनात येईल त्या दिवसापासून तेवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायला लागा. खातं फक्त आपल्या नावाचं, आणि त्याचे मेसेज दुसऱ्या कुणाच्या मोबाइलवर जात नाहीत ना तेही बघा.

६. स्वस्त घर स्वस्त का आहे, ते भिंतीला विचारा.

बदलापूर पश्चिमेला एक तळमजल्याची खोली ४,५०० ला होती. नवा डिस्टेंपर, स्वच्छ फरशी, खिडकीतून हिरवंगार. मी आत उभी राहून मनातल्या मनात फ्रिज कुठे ठेवायचा ते ठरवलं आणि प्लग शोधायला लागले. सगळे प्लगपॉइंट छातीएवढ्या उंचीवर. फ्रिजचासुद्धा. मिक्सरचा तर खांद्याच्याही वर. एजंटला विचारलं तर म्हणाला, "लहान मुलांसाठी सेफ्टी असते ताई." शेजारच्या काकू दारात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता हात कमरेच्या वर धरून दाखवला. "एकोणीसला इथपर्यंत होतं." जुलै २०१९, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली होती, तोच पूर. उल्हास नदी तिथून पाच मिनिटांवर.

तेव्हापासून मी खोली बघायला गेले की पहिल्यांदा प्लग बघते, मग दरवाजाच्या चौकटीचा खालचा भाग बोटाने दाबते. लाकूड भिजून फुगलेलं असलं तर रंगाने लपत नाही. आणि दुपारी कधी बघायला जात नाही, पाण्याच्या वेळेला जाते. जिन्यात बादल्या दिसल्या की परत फिरायचं.

७. "मिस्टर काय करतात?"

या प्रश्नाला मी सुरुवातीला खरं उत्तर द्यायचे, म्हणजे सगळी कहाणी. ऐकणारा हळहळायचा आणि खोली दुसऱ्याला द्यायचा. मग "दुबईला असतात" असं सांगून बघितलं, तर त्यांचं आधार कार्ड मागितलं. आता एकच वाक्य आहे: "मी आणि मुलगी, दोघीच राहणार." पुढे गप्प बसायचं. गप्प बसणं जमायला मला आठ घरं लागली.

अंबरनाथच्या एजंटने सांगितलं, "ताई, मालक फॅमिलीलाच देतात." मुलगी बाजूलाच होती. ती म्हणाली, "मग आम्ही काय आहोत?" मालक रेल्वेतून निवृत्त झालेले काका, ते आतून ऐकत होते. चावी त्यांनी त्याच दिवशी दिली.

८. करार नोंदवून घ्या. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे.

बदलापूरला मालकाने स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारून दिला होता. "खर्च कशाला वाढवायचा, आपण घरचेच." अकरावा महिना संपायच्या आत, मुलाचं लग्न ठरलं म्हणून पंधरा दिवसांत खोली मागितली आणि रंगाचे म्हणून डिपॉझिटमधले आठ हजार कापले. भिंतीला मी एक खिळा ठोकला नव्हता.

नंतर समजलं ते असं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात. हे माहीत असतं तर आठ हजार गेले नसते. माहीत नव्हतं, गेले.

आणि खर्च म्हणाल तर माझ्या अंबरनाथच्या करारावर भाडं ७,२००, डिपॉझिट ४० हजार. एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांचं मानीव व्याज मिळून जी रक्कम होते, तिच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी. दोनशेच्या थोडी वर. नोंदणी फी हजार. वर मशीन घेऊन घरी येणाऱ्या मुलाचे पैसे. त्या मुलाच्या मशीनवर माझा अंगठा तीनदा उमटला नाही. लॅबमधल्या सॅनिटायझरने रेषा गेल्यात. तो म्हणाला, "ताई, पदराला पुसा जरा." मी पंजाबी ड्रेसमध्ये. काकांनी आपला टॉवेल पुढे केला.

९. हेवी डिपॉझिट म्हणजे तुम्ही मालकाला दिलेलं कर्ज.

घराचे सात लाख आल्याची बातमी एजंट लोकांना कशी कळते, देव जाणे. "ताई, पाच लाख हेवी भरा, भाडं शून्य, डोंबिवलीत स्टेशनजवळ." पाच लाख बँकेत ठेवले तर सात टक्क्यांनी महिन्याला तीन हजारांच्या आतच व्याज येतं, आणि इथे साडेनऊ हजारांचं भाडं वाचतं. मोह पडला, खोटं कशाला सांगू.

मग कर्जातून पोळलेलं डोकं चालायला लागलं. जो माणूस पाच लाखांसाठी महिन्याला साडेनऊ हजारांवर पाणी सोडतो, त्याला बँक का देत नाही? मी कराराची प्रत मागितली आणि घरावर कर्ज आहे का विचारलं. होतं. वर मालकाला नोंदणीच्या करारात डिपॉझिट फक्त ५० हजार दाखवायचं होतं. म्हणजे बँकेने घर ताब्यात घेतलं असतं तर मी साडेचार लाखांची कोणीच नव्हते. सात लाख अजून एफडीतच आहेत.

१०. रेशन कार्ड लगेच वेगळं करा. जुन्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याशिवाय नव्या कार्डात नाव चढत नाही. नवं गॅस कनेक्शन मिळेपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो. आधारचा पत्ता नोंदणीकृत करारावर बदलून मिळतो. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही, रांगा आहेत.

११. लॉटरी भरा, पण ती लागली तर काय, याचा हिशेब आधी करा.

म्हाडाच्या अर्जात विवाहित लिहिलं की जोडीदाराचं आधार, पॅन आणि उत्पन्न आलंच. दोन वर्षं वेगळं राहूनही कागदावर मी विवाहितच होते, त्यामुळे त्याच्या सहकार्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. २०२४ साली घटस्फोटाचा हुकूमनामा हातात आला आणि मी एकटी धरली जायला लागले. मुंबई महानगरात वर्षाला सहा लाखांपर्यंत उत्पन्न असलं की अत्यल्प गटात बसतो. मी आरामात बसते.

पण घर फुकट नसतं. शिरढोण-खोणीकडची घरं वीस लाखांच्या आगेमागे. पंतप्रधान आवासचं अडीच लाखांचं अनुदान धरलं तरी साडेसतरा उरतात. माझा पगार आता साडेतेवीस हजार. निम्म्याच्या आत हप्ता ठेवला तर वीस वर्षांसाठी दहा-अकरा लाखांचं कर्ज झेपेल. अधिक एफडीतले सात. कसंबसं, पण बेरीज जुळते. भांडी घासताना मी ही बेरीज करते, वर्तमानपत्राच्या कडेला करते, लॅबमध्ये रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला करते. सिबिल ७०० च्या वर आलाय. अर्जाचे ५९० रुपये दोनदा गेले, नंबर लागला नाही. यंदा पुन्हा भरणार.

तोवर अंबरनाथ. पुढच्या महिन्यात काकांबरोबर तिसरा करार आहे. भाडं पाचशेने वाढवायचं म्हणतायत. बाथरूमच्या गळक्या नळाचे ३२० मी भरलेत, त्याची पावती जपून ठेवली आहे. मी तीनशेवर अडून बसणार आहे.